हैदराबादचं भाड्याचं घर सांभाळणारी कंपनी: भाडेकरू आणण्यात पास, नळदुरुस्तीत नापास

नांदेडात राहून एका पार्टनरसोबत हैदराबादला भाड्यानं द्यायला फ्लॅट घेतलाय आणि तो सांभाळायला तिथल्याच एका प्रॉपर्टी मॅनेजमेंट कंपनीकडं दिलाय, त्याचा हा रिव्ह्यू. पाचपैकी तीन स्टार. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण एका बिलावरून आमचं त्यांचं अजून मिटलेलं नाही, आणि तसंही घ्यायच्या आधी अशा जेवढ्या कंपन्यांची कॉन्ट्रॅक्ट वाचली ती सगळी एकाच साच्यातली निघाली, नाव आणि लोगो तेवढा बदललेला. त्यामुळं तुम्ही कुठली घ्या, खालचं बरंचसं लागू पडेल.

पार्टनर म्हणजे माझे साडू. त्यांची जमीन रस्त्यात गेली, मावेजा आला, आणि मावेजा आला की घरात कसे रोज नवे नवे सल्लागार यायलेत हे ज्याची जमीन गेलीय त्यालाच माहीत. कोणी म्हणे प्लॉट घ्या, कोणी म्हणे पेट्रोल पंप टाका, एकजण तर बोअरच्या गाडीत पार्टनर व्हा म्हणून चार वेळा चहा पिऊन गेला. साडूभाऊ मला म्हणले, "सर, मला महिन्याला काहीतरी यावं आणि कोणी मागायला येऊ नये असं ठिकाण सांगा." मागायला येऊ नये म्हणून दुसऱ्या राज्यात, हा खरा मुद्दा होता, बाकी गुंतवणूक-बिंतवणूक नंतर.

हैदराबादच का तर पुण्यापेक्षा आम्हाला ते जवळ. पोरांची नोकरी हैदराबादला, मोठं ऑपरेशन हैदराबादला, लग्नाचा बस्ता हैदराबादला, आमची रेल्वेसुद्धा सिकंदराबादच्या दक्षिण मध्य रेल्वेत. १९५६ पर्यंत तर राज्यच एक होतं, आजोबांचे जमिनीचे कागद अजून उर्दूत आहेत. त्यामुळं नांदेडच्या माणसाला तिथं परकं वाटतच नाही, हिंदी चालते, इराणी चहा माहीत असतोय, आणि नेमकं इथंच माणूस सैल पडतो. गाव ओळखीचं असलं तरी कागद, कर, पद्धत सगळं दुसऱ्या राज्याचं आहे. सातबारा, फेरफार, इंडेक्स टू ही आपली शब्दावळी तिकडं कोणाला कळत नाही.

मियापूरच्या बाजूला रिसेलचा टू बीएचके घेतला, मेट्रोची लाल लाईन तिथूनच सुरू होते म्हणून. किंमत ६० लाख. साडूभाऊंचे ६० टक्के, माझे ४०.

आता कंपनीकडं येतो. त्यांची पहिली विक्री म्हणजे खरेदीचं पॅकेज: आम्हीच फ्लॅट दाखवतो, आमचाच वकील कागद बघतो, आम्हीच रजिस्ट्री करून देतो, नंतर आम्हीच भाडेकरू बघतो, तुम्ही फक्त सहीला या. ऐकायला लई गोड. हे पॅकेज घेऊ नका. ज्याला सौदा झाला तरच पैसे मिळणार त्याचाच वकील सौदा मोडा असं कशाला सांगेल. आम्ही कंपनी फक्त नंतरच्या सांभाळायला ठेवली आणि वकील वेगळा धरला, कुकटपल्लीचे एक वयस्कर गृहस्थ, हिंदी तोडकी पण कागदाला पक्के. या सगळ्या व्यवहारात ज्या पैशांचं मला अजिबात वाईट वाटलं नाही ते त्यांच्या फीचे.

त्यांनी पहिल्यांदा ईसी काढली. ईसी म्हणजे एन्कम्ब्रन्स सर्टिफिकेट, त्या मालमत्तेवर कोणकोणते नोंदणीकृत व्यवहार झाले, कोणाला विकली, कुठं गहाण आहे, त्याचा सगळा उतारा. तेलंगणाच्या नोंदणी खात्याच्या वेबसाईटवर १९८३ पासूनचं ऑनलाईन बघता येतं. आपल्या सातबाऱ्यावर इतर हक्कात बोजा दिसतो तसाच तिथं बँकेचा बोजा दिसला. विकणारा म्हणायला, लोन तर कधीच फेडलं, हे बघा बँकेचं पत्र. पत्र खरंच होतं, पण बोजा उतरवल्याची नोंद झालेली नव्हती. ब्रोकर म्हणे हे नंतर होतंय हो, फॉर्मॅलिटी आहे. वकिलांनी सांगितलं की आधी बोजा उतरवायचा, नवी ईसी काढायची, मगच उरलेले पैसे, आणि ते काही हलले नाहीत. विकणाऱ्यानं थोडी चिडचिड केली आणि करून आणलं. मूळ लिंक डॉक्युमेंट, म्हणजे आधीच्या मालकांची खरेदीखतं, ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, मंजूर नकाशा, आणि यूडीएस म्हणजे जमिनीतला आपला अविभक्त हिस्सा किती गज, हे पण त्यांनी एकेक करून मागवलं. तिकडं जमीन गजात मोजतात, गुंठ्यात नाही, साडूभाऊ प्रत्येक वेळी मोबाईलवर गुंठे काढून बघायचे.

दुसरी गोष्ट तलावाची. हैदराबादला जुलै २०२४ मध्ये सरकारनं हायड्रा नावाची यंत्रणा काढली आणि तलावांच्या हद्दीतली बांधकामं पाडायला सुरुवात केली, ऑगस्टमध्ये नागार्जुनचं एन कन्व्हेन्शन नावाचं सभागृह पडलं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. सिनेनटाचं पडतंय तर आपलं काय. तलावाची एफटीएल म्हणजे पूर्ण भरल्यावरची पाण्याची रेषा, तिच्या आत आणि तिच्या बाहेरच्या बफर पट्ट्यात बांधकाम चालत नाही. एचएमडीए म्हणजे तिथल्या विकास प्राधिकरणाच्या वेबसाईटवर तलावांचे नकाशे टाकलेत, ते सर्व्हे नंबरशी ताडून बघायचे. कंपनीच्या पोराला मी हे विचारलं तर म्हणला, "सर अपना एरिया सेफ है." नकाशा दाखव म्हणलं तर पठ्ठ्यानं गुगल मॅपचा स्क्रीनशॉट पाठवला. हे पण वकिलांनीच बघून दिलं.

खर्चाचं आधीच डोक्यात ठेवा. तिकडं स्टॅम्प ड्युटी ५.५, ट्रान्सफर ड्युटी १.५ आणि नोंदणी फी ०.५, मिळून साडेसात टक्के आम्हाला लागले, म्हणजे ६० लाखावर साडेचार लाख. आपल्याकडं नोंदणी फी ३० हजाराच्या वर जात नाही आणि बाईच्या नावावर घेतलं की ड्युटीत १ टक्का सूट आहे, त्या हिशोबानं आम्ही बायकांची नावं घालायचं ठरवून गेलो होतो, तिकडं आम्हाला तसं काही मिळालं नाही. किंमत ५० लाखाच्या वर गेली की विकणाऱ्याचे १ टक्का पैसे टीडीएस म्हणून कापून आपणच भरायचे असतात, आणि खरेदीदार दोन असले तर दोघांचे फॉर्म वेगळे, साडूभाऊंचे ३६ हजार वेगळ्या पॅनवर, माझे २४ हजार वेगळ्या. कंपनीच्या माणसानं एकाच नावानं भरा चालतंय म्हणून सांगितलं होतं. नांदेडच्या सीएनं फोनवरच हाणून पाडलं.

साडू म्हणून पार्टनर असण्याची सगळ्यात मोठी अडचण बँकेत कळली. दोघांच्या नावावर घर असलं तर बँकेला कर्जातही दोघं पाहिजेत, आणि जोडी नवरा-बायको, बाप-लेक, फार तर भाऊ-भाऊ अशी. साडू म्हणलं की मॅनेजर हसले आणि त्यांनी शिपायाला चहा सांगितला. तेव्हा त्या फ्लॅटवर कर्ज घेतलंच नाही. त्यांचा मावेजा आणि मी तरोडा नाक्याच्या माझ्या घरावर असलेल्या लोनचं टॉप-अप, म्हणजे त्याच लोनवर वाढीव कर्ज काढलं. व्याजदर थोडा जास्त पडला पण त्यामुळं फ्लॅटवर बोजा नाही आणि माझा हप्ता चुकला तर साडूभाऊंच्या हिश्श्याला धक्का नाही. मित्रासोबत घेणाऱ्यांनी तर बँकेचं आधी विचारा आणि मगच टोकन द्या, मित्रामित्राला एकत्र होम लोन द्यायला बँका नाकं मुरडतात.

आमचा आपसातला करार ५०० च्या स्टॅम्पवर केला. खरेदीखतात ६०:४० असा हिस्सा स्पष्ट लिहून घेतला, कारण हिस्सा लिहिलेला असला की भाड्याचं उत्पन्न आपापल्या हिश्श्यानं आपापल्या रिटर्नमध्ये दाखवता येतं. करारात खर्चाचा वेगळा फंड, पाच वर्षं कोणी विकायचं काढायचं नाही, कोणाला बाहेर पडायचं असेल तर आधी दुसऱ्याला विचारायचं, भाव दोन व्हॅल्युअरच्या सरासरीनं, आणि दोघांपैकी कोणी गेलं तर वारसांनी काय करायचं. हे शेवटचं लिहिताना दोघी बहिणी, म्हणजे आमच्या बायका, उठून आत गेल्या. अभद्र बोलायलेत म्हणून. पण करार वाचून सगळ्यात जास्त दुरुस्त्या त्यांनीच सुचवल्या. मोठ्या आक्का म्हणल्या की दोन्ही घरांत सोयरीक आहे म्हणून भांडण बोलून दाखवता येणार नाही, तेव्हा वर्षातून एकदा हिशोबाला बसायचंच असं लिहा. लिहिलं. दिवाळीत भाऊबीज झाली की बसायचं.

आता कंपनीला जे तीन स्टार दिले ते कशाचे. भाडेकरू आणण्याचे. यात ही पोरं खरंच हुशार आहेत. पहिल्या भेटीतच सांगितलं की जाळीचे दरवाजे लावा, किचनमध्ये चिमणी आणि बेडरूमला कपाटं करा, बाकी पैसा घालू नका. पूजेची खोली आधीच होती, तिकडं ती असतेच म्हणा. दरवाजा पूर्वेला होता, त्यावर त्यांनी जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात ते लिहिलं. भाडेकरू आयटीतलं जोडपं, मूळ विजयवाड्याचं, पगाराच्या स्लिपा, आधीच्या घरमालकाला फोन, पोलिसांचं व्हेरिफिकेशन, सगळं करून दिलं. भाडं २२ हजार, मेंटेनन्स भाडेकरूकडं, डिपॉझिट दोन महिन्यांचं. करार अकरा महिन्यांचा, दरवर्षी ५ टक्के वाढ. आपल्याकडं महाराष्ट्रात भाडेकराराची नोंदणी करावीच लागते, अकरा महिने असो की किती. तिकडं अकरा महिन्यांचा करार स्टॅम्पपेपरवर नोटरी करून चालवतात. साडूभाऊंना हे पचेना, नोंदणी नाही म्हणजे कागदच नाही असं त्यांचं म्हणणं. वकिलांनी समजावल्यावर गप्प बसले, पटलं असं नाही म्हणणार.

एक बारीक गोष्ट त्यांनी न सांगता केली त्याचं कौतुक. भाडं वर्षाला लाखाच्या वर गेलं की एचआरए म्हणजे घरभाडे भत्त्याच्या करसवलतीसाठी भाडेकरूला घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. मालक दोन, तर पावत्या कोणाच्या? त्यांनी महिन्याला दोन पावत्या केल्या, १३,२०० ची एक आणि ८,८०० ची एक, भाडं पण त्याच हिश्श्यानं दोघांच्या खात्यात. दर महिन्याला सात तारखेच्या आत जमा. आजवर एकदाही फोन करावा लागला नाही. नांदेडात भाग्यनगरला क्लासच्या पोरांना रूमा देणारे माझे एक सहकारी आहेत, भाडं आमच्यापेक्षा बरं निघतं त्यांचं, पण रात्री अकराला मोटार बिघडली म्हणून पोरं दारात. तुलनाच करायची तर ही करा, मग आठ टक्के फी एवढी टोचत नाही.

फी अशी: महिन्याच्या भाड्याच्या ८ टक्के, म्हणजे १,७६०, वर १८ टक्के जीएसटी, झाले २,०७७ च्या आसपास. वर्षाला पंचवीस हजार धरा. नवा भाडेकरू आणला की पंधरा दिवसांचं भाडं वेगळं. घर रिकामं असताना फी नाही पण तेव्हा मेंटेनन्स मालकानं भरायचं, आणि तिथं फॅमिल्या शाळेच्या सुट्टीत म्हणजे एप्रिल ते जूनमध्ये घरं बदलतात, तेव्हा करार डिसेंबरात संपेल असा ठेवू नका, मे मध्ये संपू द्या. हे मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं, वॉचमननं सांगितलं.

आता जे दोन स्टार कापले ते. दुरुस्ती. कॉन्ट्रॅक्टमध्ये एक ओळ आहे की दोन हजाराच्या आतलं काम मालकाला न विचारता करता येईल. वाचताना बरं वाटतं, कोण नळाच्या वायसरसाठी नांदेडला फोन लावत बसेल. मग बिलं यायला लागली. नळ, १,९५०. चिमणी सर्विसिंग, १,९००. बाथरूमचा दरवाजा, १,९८०. एकही बिल दोन हजाराच्या वर नाही आणि एकही हजाराच्या खाली नाही. दर बिलात व्हिजिट चार्ज, सामान, मजुरी, त्यावर कंपनीचा समन्वय चार्ज, त्यावर जीएसटी. साडूभाऊ शेतकरी माणूस, आडतीची पट्टी वाचायची सवय, त्यांनी पहिल्या बिलालाच ओळखलं, म्हणले, "सर, ही तर आपल्या मोंढ्यातली पट्टी झाली, हमाली, तोलाई, अडत, सगळं आहे, फक्त भाव कोणी ठरवला ते नाही."

गिझरचं प्रकरण तर कळस. भाडेकरूनं कळवलं पाणी तापत नाही. कंपनीनं माणूस पाठवला, एलिमेंट आणि थर्मोस्टॅट बदलला म्हणून १,९०० आणि पुढच्याच आठवड्यात परत १,९५०, दुसऱ्या वेळी वायरिंग. म्हणजे एकाच गिझरचं काम दोन तुकड्यांत. साडूभाऊंनी वॉचमनला फोन लावला. तिकडच्या बिल्डिंगमध्ये वॉचमन आपल्या बायकापोरांसह खाली सेलारमध्ये म्हणजे तळघरातच राहतो आणि कोणाच्या घरी कोण आलं, किती वेळ थांबलं हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. तो म्हणला दुसऱ्यांदा कोणी आलंच नाही. भाडेकरूनं पण तेच सांगितलं. कंपनी म्हणते टेक्निशियनचं ॲपवर चेक-इन आहे. हेच ते बिल ज्याच्यावरून अजून चालू आहे, मेलवर मेल. दर मेलला उत्तर येतं, लई नम्र, आणि त्यात काहीच नसतं.

ओल आली तेव्हाही असंच. वरच्या मजल्याच्या बाथरूममधून आमच्या छताला ओल. कंपनी म्हणे हा सोसायटीचा विषय, आमच्या स्कोपमध्ये नाही. मग दोन हजाराचे नळ तेवढे स्कोपमध्ये. शेवटी वॉचमनच्या बायकोनं वरच्या मालकाचा नंबर काढून दिला, तो बेंगळुरूला राहणारा, त्याच्याशी मी बोललो, त्यानं आठवड्यात वॉटरप्रूफिंग करून दिलं. चांगला माणूस निघाला.

आता बदल काय केला तर न विचारता करायची मर्यादा दोन हजारावरून ५०० वर आणली, लेखी. कामाच्या आधीचा आणि नंतरचा फोटो, आणि काढलेला जुना पार्ट वॉचमनकडं ठेवायचा. कंपनीनं आधी नाही म्हणलं, सोडून जातो म्हणल्यावर हो म्हणलं. तेव्हापासून नळ बिघडायचे कमी झाले, बघा बरं. मियापूरच्याच एका इलेक्ट्रिशियनचा आणि एका प्लंबरचा नंबर भाडेकरूकडं देऊन ठेवलाय, पैसे आम्ही फोनवरून पाठवतो. मालमत्ता कर पण आम्हीच ऑनलाईन भरतो, तिथली महापालिका एप्रिलमध्ये भरलं की ५ टक्के सूट देते, कंपनीकडं दिलं असतं तर त्याचाही सर्विस चार्ज लागला असता.

आकडेमोड विचारणाऱ्यांसाठी: सगळं धरून आमचे साडेपासष्ट लाखाच्या आसपास गेले. भाडं वर्षाला २ लाख ६४ हजार. कंपनीची फी, मालमत्ता कर, दुरुस्ती, रंग जाऊन हातात सव्वादोन लाखाच्या अलीकडंच राहतात, म्हणजे सव्वातीन-साडेतीन टक्के. एफडी याच्यापेक्षा कितीतरी जास्त देते, आक्का हे दर भाऊबीजेला ऐकवतात. फ्लॅटचा भाव वाढेल या भरवशावरच हे आहे आणि त्या भरवशाची हमी कुठलीच कंपनी देत नाही. भाड्यावर ३० टक्के वजावट सरळ मिळते, पण नव्या टॅक्स रिजीममध्ये व्याजाचा तोटा पगारातून वजा होत नाही, माझं टॉप-अप असल्यानं मला तेवढा फरक पडतो. साडूभाऊंना नाही. त्यांचं म्हणणं, भाव वाढो न वाढो, बोअरच्या गाडीपेक्षा बरं.

मग घ्यावी का अशी कंपनी? दोघंही दुसऱ्या राज्यात असाल आणि तिथं नात्यातलं कोणी राहत नसेल तर भाडेकरूसाठी आणि भाड्याच्या वसुलीसाठी घ्या, पैसे वसूल होतात. पोरगं किंवा पुतण्या तिथं नोकरीला असेल तर गरज नाही, त्यालाच आठ टक्के द्या, तो घेणार नाही ती गोष्ट वेगळी. खरेदीचं पॅकेज घेऊ नका. दुरुस्तीची ओळ वाचून, खोडून, तिथं सही करूनच कागद परत द्या. आमचं कॉन्ट्रॅक्ट आता मे मध्ये नवं होईल, त्यात दुरुस्तीचा कलम पूर्ण काढायचा आणि फी ८ वरून ६ करायची असं मी आणि साडूभाऊंनी ठरवलंय. त्यांनी ६ ला नाही म्हणलं तर सातला मिटवू, पण गिझरचे १,९५० आधी परत आले पाहिजेत.